घरकुलाचा हप्ता आणि गणपतीतल्या सह्या

डिप्लोमा झाल्यावर पहिली नोकरी लागली ती रायगड जिल्ह्यातल्या एका किनारी तालुक्यात, पंचायत समितीकडे ग्रामीण गृहनिर्माण अभियंता म्हणून. कंत्राटी. पदाचं नाव भारदस्त, पण गावात ओळख एकच : ‘घरकुलवाले’. आता या कामावर नव्याने लागलेली मुलं फोन करतात, आणि पहिला प्रश्न हमखास जिओटॅगिंगच्या, म्हणजे जागेच्या खुणेसह घराचा फोटो चढवण्याच्या, अ‍ॅपचा असतो. अ‍ॅप दोन दिवसांत येतं. बाकीचं कळायला मला तीन पावसाळे गेले.

आधी पैसा कुठून येतो ते पाठ करा. गाव सगळ्यालाच घरकुल म्हणतं, पण प्रत्येकाची तिजोरी निराळी. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये 60 टक्के केंद्राचे, 40 राज्याचे. बाकीच्या राज्याच्या योजना : अनुसूचित जातींच्या रमाई आवासचा निधी सामाजिक न्याय विभागाचा, आदिवासींच्या शबरी आवासचा आदिवासी विकासचा, आणि 2023 साली आलेल्या मोदी आवासचा इतर मागास बहुजन कल्याणचा. म्हणून एकाच आळीत दोन घरं एकाच दिवशी जोत्याला येतात, एकाला हप्ता मिळतो आणि शेजारच्याला मिळत नाही. मग पाणवठ्यावर बातमी पसरते की पैसे कोणीतरी खाल्ले. तेव्हा कोणत्या योजनेचा निधी कुठे अडलाय हे तुम्हाला तोंडपाठ नसेल, तर खाणारे तुम्हीच ठरता.

प्रधानमंत्री आवासची मूळ रक्कम सपाट भागात 1 लाख 20 हजार, आणि घर किमान 269 चौरस फुटांचं. शौचालयाचे 12 हजार वेगळे, रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी वेगळी. 2024-25 च्या 297 रुपये दराने ती 26,730 होत होती. ही तीन टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत, बोलतं करायचं काम आपलं. रस्ता नसलेल्या वाडीवर जांभ्याचे चिरे डोक्यावरून चढवायचे असले, की बहुतेक पैसे जोत्यातच जिरतात, तेव्हा मजुरीचे ते 26 हजार म्हणजे वरचे पत्रे असतात.

आता जागा. कोकणात घर बांधण्यापेक्षा जागा दाखवणं अवघड. सातबारा सामाईक, त्यावर सतरा नावं, त्यातली चार वारलेली, सहा मुंबईत, एक बडोद्याला. संमतीपत्रावर सह्या हव्यात. मी पहिल्या वर्षी पोस्टाने पत्रं पाठवत बसलो, एकही परत आलं नाही. आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मग शहाणपण शिकवलं : ‘‘अहो, पत्रं कसली पाठवता? गणपतीत सगळे इथेच असतात. आरती झाली की कागद पुढे करायचा, प्रसाद हातात असताना नाही कोण म्हणतो?’’ गणपतीत चुकलेली सही शिमग्याला मिळते, पण तोवर बांधकामाचा निम्मा हंगाम गेलेला असतो.

ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजना आहे. 500 चौरस फुटांपर्यंत जागा, आधी 50 हजार मिळायचे, 2024 पासून मर्यादा 1 लाख झाली. अर्ध्या गुंठ्याहून कमी जागा लाखात द्या, असं अलिबागकडच्या एखाद्या दलालाला सांगून बघा. तो चहा पाजेल, जागा देणार नाही. कोळीवाड्यात भरतीरेषेजवळचं घर असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, विषय निघतोच. तिथे तोंडी ‘होईल’ असं कधी म्हणू नका.

सगळ्यात बेघर म्हणजे कातकरी, सरकारी भाषेत ‘आदिम’ गटातली आदिवासी जमात. 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीच्या नियमात बेघर कुटुंबं, भिक्षेवर जगणारे, आदिम गट, कायद्याने मुक्त झालेले वेठबिगार यांना घरकुलाच्या यादीत आपोआप जागा होती. कागदावर. वाडीवरची माणसं सांगतात, पाहणीवाले आले तेव्हा आम्ही वीटभट्टीवर मजुरीला होतो. नोव्हेंबर 2023 मध्ये आदिम गटांसाठी केंद्राची पीएम-जनमन योजना आली, घराला 2 लाख. आता पैसे आहेत, पण पंचांग जुनंच. बांधकाम चालतं दिवाळीपासून मेअखेरपर्यंत, आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेलं कुटुंब नेमकं तेवढेच महिने वीटभट्टीवर. पावसात ते परत येतात, तेव्हा गवंडी घरी बसलेला.

इथे माझी चूक सांगतो. एका मावशींचा पहिला हप्ता सिस्टीममध्ये जमा दिसत होता आणि जागेवर एक चिरा नव्हता. मी तावातावाने ‘काम सुरू करा, नाहीतर वसुली’ अशी नोटीस काढली. मावशी दोन डोंगर उतरून ऑफिसात आल्या. पदराच्या गाठीतून पासबुक काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि टेबलावर ठेवलं. ‘‘सायब, तुमीच वाचा.’’ शेवटची नोंद होती दोनशे काही रुपयांची. तासभर डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. भट्टीवर कोणीतरी त्यांचा अंगठा घेऊन दुसऱ्याच बँकेत खातं काढलं होतं, आधार तिकडे जोडलं गेलं होतं, आणि पैसे आधारच्या मागून तिकडे गेले होते. रक्कम शाबूत होती, हे नशीब. त्या खात्याचं नावही मावशींना ठाऊक नव्हतं. नोटीस मी फाडली, पण ती त्यांनी कोणाकडून तरी वाचून घेतली होती, ते काही फाडता आलं नाही.

तेव्हापासून मंजुरीपत्र देण्याआधी आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते मी लाभार्थ्यासमोर तपासतो. भट्टीला निघण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आत, जोतं उभं करून घेतो आणि फोटो लगेच चढवतो. वाडीवर रेंज नसते, खाली नाक्यावर येईपर्यंत मोबाइल बंद पडू देऊ नका. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर असतं, म्हणून निर्णयाचं बोलणं तिच्याशी करा, नवरा शेजारी बसलेला असला तरी. आणि रोजगार हमीचं मस्टर, म्हणजे मजुरीचं हजेरीपत्रक, घर चालू असतानाच काढायला लावा. पूर्णत्वाचा फोटो चढला की नंतर मजुरीसाठी हिंडणं व्यर्थ असतं. मावशींची मजुरी मी अशीच घालवली होती, 90 पैकी फक्त 34 दिवसांची लागली.