मुलाची घुमट वाजवण्याची गोडी टिकवायची असेल तर या चुका टाळा

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर आरतीला मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून घुमट, म्हणजे कातडं ताणलेलं मातीचं वाद्य, वाजवणारी पोरं दिसतात. शामेळ (काठ्यांनी वाजवायचं साथीचं वाद्य) आपल्याला मिळावं म्हणून त्यांची भांडणं होतात. हीच पोरं क्लासला घातली, स्पर्धेत उतरवली की बऱ्याचदा काही महिन्यांत कंटाळतात आणि घरचे म्हणतात, ‘आळशी झालाय.’ मला ते पटत नाही. आळसाचा शिक्का मारण्याआधी आपण काय केलं ते तपासावं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवडीच्या गोष्टीला भाव ठरवणं. ‘रोज अर्धा तास वाजव, दहा रुपये देईन.’ १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत, मुळात चित्रांची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी तारा लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र नंतर अचानक दिलं, उरलेल्यांना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिलं, तर आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र शाबूत होती. म्हणजे घात करतो तो आधी ठरवलेला सौदा. ‘मी पैशांसाठी वाजवतो’ हे एकदा मनात बसलं, की पैसे थांबल्यावर हातही थांबतो. (खोली आवरण्यासारख्या मुळातच रटाळ कामाला बक्षीस लावलं तर हा धोका नाही, तिथे गमावण्यासारखी आवडच नसते.)

सौदा सुरू झालाच असेल तर? रक्कम वाढवू नका. मुलाला निवड द्या: आज कुठली आरती, किती वेळ, घुमट की कासाळं (झांजा). शेजारची एक-दोन मुलं संध्याकाळी जमवा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते आतून येणाऱ्या उमेदीला तीन गोष्टी लागतात: आपल्या मर्जीनं करतोय ही भावना, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि आपल्या माणसांची सोबत. घरच्या आरतीत या तिन्ही आपसूक मिळतात, क्लासमध्ये त्या मुद्दाम जपाव्या लागतात.

‘किती हुशार आहेस!’ हेही जपून. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत, हुशारीचं कौतुक झालेली मुलं एका अपयशानंतर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. ‘सुवारीतला (घुमटवादनाच्या एका प्रकारातला) तो अवघड ठेका आज जमला’ असं नेमकं बोला.

आणि स्पर्धेच्या दिवशी ‘घाबरू नको, शांत हो’ म्हणू नका. धडधडणारी छाती हुकमानं थांबत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये लोकांना इतरांसमोर गायला लावलं. गाण्याआधी ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणारे ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा नेमकं गायले. भीती आणि उत्साह यांत शरीराची धडधड सारखीच असते, तिला नाव कुठलं देतो यानं फरक पडतो. म्हणून मुलाला सांगा, ‘छाती धडधडतेय ना? अंग वाजवायला तयार झालंय.’ परतताना गाडीत मात्र निकालाची चिरफाड नको. वाजवताना कुठे मजा आली, तेवढंच विचारा.