गॅस गिझरची पाइपजोडणी
नाशिकची थंडी पडण्याआधी गॅस गिझर बसवायचा असेल, तर तो न्हाणीघरात न लावता मोकळ्या हवेच्या बाल्कनीत लावावा, कारण बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग असतो ना वास. थंड पाण्याच्या तोंडावर बहुधा निळी आणि गरम पाण्याच्या तोंडावर लाल खूण असते. जोडण्यापूर्वी पाइपमधून बादलीभर पाणी सोडून आतील वाळू काढून टाकावी, नाहीतर जाळी तुंबते. टेफ्लॉन टेप (सांधा गळू नये म्हणून लावायची पातळ पट्टी) पाइपच्या आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळावी, म्हणजे नट आवळताना ती उलगडत नाही. गॅसची जोडणी मात्र अधिकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी (येथे काटकसर नकोच) आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून पाहावे. एक बुडबुडा जरी फुगला, तरी रेग्युलेटर तत्काळ बंद करावा.