अंबडच्या रूट कार्डापासून उपग्रहाच्या क्लीनरूमपर्यंत

सुट्टीत नाशिकला आले, की सिडकोतल्या आमच्या घरी ओळखीपाळखीतून एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी भेटायला येते आणि प्रश्न बहुधा एकच असतो : “ताई, इस्रोत जायचे आहे, काय करू?” इतकी वर्षे मी याचे उत्तर चहा पिता पिता तोंडी देत आले, पण सांगण्यासारखे बरेच तेव्हा राहून जाते, म्हणून हे लिहीत आहे. मी नाशिकमध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासनीस म्हणून नोकरीला लागले, नोकरी सांभाळून पदवी पूर्ण केली आणि नंतर बंगळूरुला लहान उपग्रह बांधणाऱ्या एका कंपनीत जुळणी व चाचणी विभागात गेले. आज त्या विभागातील अकरा जणांच्या गटाची जबाबदारी माझ्याकडे आहे. माझा मार्ग सर्वांचा असेल असे नाही. परंतु या क्षेत्रात माणसावर जबाबदारी कशी येते आणि कशामुळे टिकते, हे मला त्या मार्गावरच कळले.

सुरुवात अंबडपासूनच करते, कारण मला जे काही येते त्याचे मूळ तिथे आहे. नाशिकजवळच्या ओझरला १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आहे. तिथे मिग बांधली गेली, नंतर सुखोई बांधली गेली. तो कारखाना विमानांचा आहे, प्रक्षेपकांचा म्हणजे रॉकेटांचा नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. मात्र विमानाच्या सुट्या भागाला लागणारी नोंदींची शिस्त त्याच्यामुळे सातपूर-अंबडमधील अनेक लहान कारखान्यांत रुजली आणि त्याच शिस्तीवर उपग्रहाच्या भागांचे कामही मिळू शकते. मी ज्या कारखान्यात होते तिथे अशी कामे दोन-तीन हातांतून फिरत यायची. आम्ही ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट बनवत होतो. ते पुढे कोणत्या उपग्रहात बसणार, हे आम्हाला सांगितले जात नसे.

प्रत्येक भागाबरोबर एक रूट कार्ड फिरते. कच्चा माल कोणत्या मिश्रधातूचा, त्याचा हीट नंबर (धातूच्या ओतकामाचा क्रमांक) कोणता, कोणत्या यंत्रावर कोणी काम केले, कोणी काय मोजले, हे सर्व त्यावर लिहून सही करायची असते. नोकरीला सहा महिने झाले होते. चौदा ब्रॅकेट्सचा एक लॉट माझ्याकडे आला. मी प्रत्येक छिद्र, प्रत्येक कड मोजली, सर्व मापे मर्यादेत होती आणि मी कार्डावर सही केली. दुसऱ्या दिवशी नोंदींची जुळवणी करताना लक्षात आले, की कार्डावरचा हीट नंबर आणि स्टोअरच्या रजिस्टरमधील नंबर जुळत नाहीत. ॲल्युमिनियमच्या दोन गजांचे (सळयांचे) उरलेले तुकडे एकाच रॅकवर ठेवले गेले होते, एकावरची रंगाची खूण पुसली गेली होती आणि हीट नंबर पडताळण्याचा रकाना मी न पडताळताच भरला होता.

६०६१ आणि ७०७५ ही ॲल्युमिनियमची दोन मिश्रधातू डोळ्यांना सारखीच दिसतात, वजनातही फरक जेमतेम जाणवतो. पण टी-६ या उष्णता-प्रक्रिया केलेल्या अवस्थेत पहिल्याची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे कायमचे वाकण्याआधी सोसता येणारा ताण, सुमारे २७६ मेगापास्कल आणि दुसऱ्याची सुमारे ५०० असते. कडकपणा मोजला तर कोणते मिश्रधातू आहे हे ओळखता येते. तो तुकडा कोणत्या ओतकामातला आणि त्याचे प्रमाणपत्र कोणते, हे मात्र कोणतेही उपकरण सांगू शकत नाही. ते फक्त कागद सांगतो, आणि तो कागद मी चुकवला होता.

एका वरिष्ठाने सुचवले, की नंबर दुरुस्त करून टाक, भाग उत्तम आहेत. टूलरूममधले एक ज्येष्ठ फिटर बाजूला उभे होते. ते एवढेच म्हणाले, “पोरी, जे झालं ते तुझ्या अक्षरात लिही, आणि आजच लिही.” मी नॉन-कन्फर्मन्स रिपोर्ट, म्हणजे काम नियमाप्रमाणे झाले नसल्याची लेखी नोंद, भरला. चौदाही ब्रॅकेट्स भंगारात गेले, ग्राहकाचे दोन अधिकारी येऊन माझ्या सहीची मागची सर्व कार्डे दोन दिवस तपासत बसले, आणि मालक महिनाभर माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत मी घरी काहीच सांगितले नाही. नोकरी गेली असेच धरून चालले होते. वर्ष संपताना तपासणी विभागाची पाळी माझ्याकडे देण्यात आली. त्याचे कारण मला कधी सांगितले गेले नाही आणि मीही विचारले नाही.

अंतराळ क्षेत्रातील नेतृत्वाविषयी बोलताना १९७९ चा प्रसंग हमखास सांगितला जातो. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाचे पहिले प्रायोगिक उड्डाण बंगालच्या उपसागरात कोसळले, इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांपुढे अपयश स्वतःकडे घेतले आणि १८ जुलै १९८० रोजी ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला तेव्हा पत्रकारांसमोर प्रकल्प संचालक अब्दुल कलामांना पुढे केले. धवनांचा मोठेपणा त्यात आहेच. मला त्याच प्रसंगातला आणखी एक भाग तितकाच महत्त्वाचा वाटतो : संगणकाने उलटी गणती थांबवली होती आणि तरीही पुढे जाण्याचा निर्णय आपण घेतला होता, हे कलामांनी पुढे स्वतः जाहीरपणे सांगितले. वरिष्ठाने ढाल धरली म्हणून कनिष्ठाने आपला निर्णय झाकला नाही. हीच रीत चांद्रयानांच्या बाबतीतही दिसते. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा लँडर आदळला. त्यानंतर काय काय बिघडू शकते, याची यादी समोर ठेवून चांद्रयान-३ ची आखणी झाली. पाय मजबूत केले गेले, इंधन वाढवले गेले, उतरण्यासाठीचे क्षेत्र ५०० मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्याऐवजी ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर धरले गेले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी लँडर उतरला. जिथे अपयशाची नोंद प्रामाणिक असते, तिथेच अशी यादी करता येते.

आता वाटांविषयी. इस्रोत अभियंता म्हणून जायचे असेल तर ‘सायंटिस्ट/इंजिनिअर एससी’ या पदाच्या जाहिराती पाहाव्यात. त्यात मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र आणि संगणक या शाखा असतात आणि पदवीला साधारणतः किमान ६५ टक्के मागितले जातात. निवडीची पद्धत जाहिरातीनुसार बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका. बारावीनंतर थेट जायचे असेल तर तिरुवनंतपुरमची भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे, तिच्या बी.टेक.चा प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डमधून होतो. आयटीआय आणि पदविकाधारकांना मात्र हे दार आपले नाही असे उगीचच वाटते. इस्रोची केंद्रे दहावी आणि आयटीआय झालेल्यांना तंत्रज्ञ म्हणून, तर प्रथम श्रेणीतील पदविकाधारकांना तांत्रिक सहायक म्हणून घेतात, आणि उपग्रहाला प्रत्यक्ष हात लावणाऱ्यांत हीच माणसे असतात. चांद्रयान-३ चे प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल यांचे तांत्रिक शिक्षणही यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेपासूनच सुरू झाले होते.

खासगी क्षेत्राचे चित्र २०२० नंतर बदलले. खासगी कंपन्यांना परवानगी आणि सुविधा देण्यासाठी इन-स्पेस ही सरकारी संस्था स्थापन झाली, २०२३ मध्ये भारतीय अंतराळ धोरण आले, प्रक्षेपक बनवणाऱ्या खासगी कंपन्यांपैकी स्कायरूटने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी आणि अग्निकुलने ३० मे २०२४ रोजी आपापली पहिली उड्डाणे केली. मात्र कामे हैदराबाद, चेन्नई आणि बंगळूरु इथे एकवटलेली आहेत, त्यामुळे घर सोडण्याची तयारी लागते. आपल्या राज्यातच काम करायचे असेल तर इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरमध्ये प्रक्षेपकांच्या मोटरची आवरणे आणि विक्रोळीला गोदरेजमध्ये प्रक्षेपकांची ‘विकास’ इंजिने बनतात, हे लक्षात ठेवावे. नव्या कंपनीत पगार सुरुवातीला बरा असतो, पण पुढची गुंतवणूक आली नाही तर ती कंपनीच राहत नाही. घरी कर्जाचे हप्ते असतील तर हा हिशेब आईवडिलांसमोर बसून उघडपणे करावा, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

उपग्रह बांधण्याइतकेच मोठे काम उपग्रहाने पाठवलेले वाचण्याचे आहे आणि नाशिककरांचे त्याकडे पुरेसे लक्ष नाही, याचे मला वाईट वाटते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात, दृश्य आणि निकट-अवरक्त पट्ट्यांत त्यांचा एक पिक्सेल १० मीटरचा असतो. एक एकर द्राक्षबाग म्हणजे साधारण चाळीस पिक्सेल. त्यातही कडेच्या पिक्सेलमध्ये शेजारचे शेत मिसळते, आणि दोन ओळींत नऊ फूट अंतर असेल तर एकाच पिक्सेलमध्ये तीन-चार ओळी व त्यांच्यामधली उघडी माती एकत्र मोजली जाते. ऑक्टोबर छाटणीनंतर हिरवेपणाचा निर्देशांक एकदम खाली येतो, तेव्हा बाग रोगट झाली असा निष्कर्ष बंगळूरुच्या कार्यालयात बसलेला हुशार मुलगा सहज काढू शकतो. निफाड-दिंडोरीत वाढलेली मुलगी काढणार नाही. पावसाळ्यात ढगांमुळे ही चित्रे महिनोन्महिने निरुपयोगी ठरतात, तिथे रडारचे उपग्रह लागतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेला निसार त्याच प्रकारचा आहे. हे शिकण्यासाठी डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत आणि क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअरही फुकट मिळते. उपग्रहाचा उपयोग गावापर्यंत नेण्याचे काम आपल्याकडे नवे नाही. अंतराळ शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील २,४०० गावांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचवणाऱ्या ‘साइट’ प्रयोगाच्या नेतृत्वात ते होते. गावात दूरचित्रवाणी संच चालू ठेवणे, तो बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस वेळेवर पाठवणे, हेही तेव्हा अंतराळ कार्यक्रमाचेच काम होते.

गटाची जबाबदारी माझ्याकडे आल्यानंतरचा एक दिवस सांगते. उपग्रहाला व्हायब्रेशन टेबलावर बसवून प्रक्षेपणासारखे हादरे देतात; त्याआधी आणि नंतर हलक्या कंपनांची एक फेरी घेऊन त्याची नैसर्गिक वारंवारता मोजतात. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले, तर आत काही सुटलेले नाही असे मानतात. त्या दिवशी वारंवारता ९२ हर्ट्‌झवरून ८७ वर आली होती. रात्रीचे साडेदहा वाजले होते, चाचणी केंद्राची आमची वेळ दुसऱ्या दिवशी संपत होती, आणि सांधे हादऱ्यांनी आपापल्या जागी बसले असतील, असे समजावणारे अनुभवी आवाज खोलीत पुरेसे होते. माझ्या गटात एक नियम आहे : आढावा बैठकीत सर्वांत नवा माणूस आधी बोलतो, कारण मोठे बोलून गेल्यावर तो बोलत नाही. येवल्याकडचा एक मुलगा, रुजू होऊन चार महिने झालेला, म्हणाला, की फरक पाच टक्क्यांहून अधिक आहे आणि चाचणीच्या आराखड्यात मर्यादा पाच टक्क्यांची लिहिलेली आहे. आम्ही थांबलो. बाजूचे पॅनेल उघडले तेव्हा बॅटरीच्या आधाराचा एक बोल्ट सैल झालेला सापडला. त्याच्या टॉर्कची, म्हणजे तो किती घट्ट आवळला त्याची, नोंद कार्डावर होती, पण साक्षीदाराची सही नव्हती. आम्हाला चाचणीची नवी वेळ मिळायला तीन आठवडे लागले, आणि त्या उशिराचे उत्तर वरिष्ठांना मी दिले. त्या मुलाचे नाव अहवालात दोष शोधणारा म्हणून गेले. सही राहून गेलेल्या तंत्रज्ञाचे नाव मी अहवालात घातले नाही. त्याच्या पाळीत साक्षीदार नेमलाच गेला नव्हता, आणि ती नेमणूक माझे काम होते.

मुलाखतीला येणाऱ्यांना मी प्रकल्पाविषयी विचारतेच, पण त्यानंतर विचारते, की तुमच्या हातून कामात काय चुकले आणि ते तुम्हाला कसे समजले. पुष्कळ जण इथे अडखळतात. कोणी सांगतो, की मी फार जास्त मेहनत करतो हीच माझी चूक. मागच्या वर्षी सिन्नरचा एक आयटीआय झालेला मुलगा आला होता. इंग्रजीत बोलताना तो अडखळत होता, म्हणून मी मराठीत विचारले. त्याने पिशवीतून शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. शिकाऊ उमेदवार असताना आठ दिवस तो शून्याची चूक असलेल्या व्हर्नियरने मोजत होता, आणि त्या आठ दिवसांतील प्रत्येक मापासमोर त्याने लाल पेनाने दुरुस्त माप व दुरुस्तीची तारीख लिहिलेली होती. मूळ आकडा एकही खोडलेला नव्हता. तो सध्या क्लीनरूममध्ये, म्हणजे उपग्रह जुळवण्याच्या धूळमुक्त खोलीत, माझ्या गटात आहे, आणि नव्याने येणाऱ्यांना रूट कार्ड भरायला तोच शिकवतो.