गच्चीवरचे बिबडे आणि एक्कावन्न वर्षांची बाई: असली फिल्म आपल्याकडे कशी करायची

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, भो तुम्ही भुसावळात बसून असल्या विषयावर फिल्म कशी काय केली, घरचे काही बोलले नाहीत का. बोलले ना, भरपूर बोलले, ते जाऊ द्या. एकदाचं सगळं लिहूनच टाकतो म्हणजे परत परत फोनवर सांगायला नको. विषय असा, की पन्नाशीच्या आसपासचं माणूस, बाई असो की बाप्या, आयुष्यभर अंगातली इच्छा गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलेली, आणि मग एक दिवस ते गाठोडं सुटतं आणि जीव एकाच माणसात अडकतो, इतका की घड्याळ त्याच्यावर चालायला लागतं. यावर २०-२२ मिनिटांची फिल्म, मोबाइलवर, गावातलीच माणसं घेऊन. आम्ही केली, त्यात माती खाल्ली तीपण सांगतो.

आधी दोन पिक्चर बघा, पण घरच्यांबरोबर नका बघू. पहिला ‘द पियानो टीचर’, २००१ चा, मिखाएल हानेकेचा, एल्फ्रिडे येलिनेकच्या कादंबरीवरचा. फ्रान्समधल्या कान फिल्म महोत्सवात त्याला ग्रां प्री हे मोठं बक्षीस मिळालं, शिवाय नट आणि नटी दोघांनाही बक्षीस. व्हिएन्नातली पियानो शिकवणारी बाई, लग्न नाही, आईबरोबर राहते, आई तिच्या येण्याजाण्याचा हिशोब ठेवते, नवा ड्रेस घेतला तरी मारामारी. मग एक तरुण पोरगा तिच्याकडे शिकायला येतो. पिक्चर जड आहे, मधे बंद करावासा वाटेल, पण एक सीन दोनदा बघा. तो पोरगा दुसऱ्या एका घाबरलेल्या विद्यार्थिनीशी जरा गोड वागतो, आणि ही बाई उठून कोटांच्या खोलीत जाते, ग्लास फोडते आणि काचा त्या मुलीच्या कोटाच्या खिशात टाकते. बस. डायलॉग नाही, रडणं नाही, पण हिच्या आत काय जळतंय ते सगळं कळतं, आणि आता त्या मुलीचा हात खिशात जाणार म्हणून आपल्याच बोटांना कसंतरी होतं.

दुसरा ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’, त्यातली फक्त रत्ना पाठक शाहची गोष्ट पकडा. भोपाळ, वय ५५, सगळी वस्ती तिला बुआजी म्हणते, लपवून रंगेल कादंबऱ्या वाचते आणि पोहायला शिकवणाऱ्या तरुणावर जीव जडतो. २०१७ ला सेन्सॉरने याला आधी सर्टिफिकेटच नाकारलं होतं, मग अपिलात ‘ए’ म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचं मिळालं आणि जुलैत लागला. त्यातून आम्ही एवढंच उचललं की आपल्याकडे माणूस नात्याच्या नावाखाली गायब होतं. काकू, जिजी, अक्का, मावशी. काकूला इच्छा नसते असं गल्लीने ठरवून टाकलेलं असतं. म्हणून आमच्या फिल्ममध्ये बाईंना २२ मिनिटांत कोणीच नावाने हाक मारत नाही.

आता हे पिक्चर विसरा. व्हिएन्नाची बाई उचलून यावल रोडला आणून ठेवली तर ती तिथली राहत नाही नि इथलीपण होत नाही. तिकडच्या एकटेपणात बंद दारं आहेत. आपल्याकडे उलटं आहे, दारं सताड उघडी, शेजारीण न विचारता थेट स्वयंपाकघरात, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की अख्खी गल्ली गच्चीवर झोपायला, एका गच्चीवरचा खोकला दुसऱ्या गच्चीवर ऐकू येतो. अशा ठिकाणी कोणी मनातलं लपवत असेल तर ते कुठं लपवतं, हा प्रश्न आम्ही महिनाभर चघळला. उत्तर निघालं, कामात. आपली बाई कामाच्या आडून काहीही करू शकते, तिला कोणी हटकत नाही.

तर आमची गोष्ट. बाई ५१ वर्षांची, पतपेढीत कॅशियर, नवरा रेल्वेत, त्याची ड्युटी कधी रात्री कधी पहाटे, पोरगी लग्न होऊन नाशिकला. वरच्या खोलीत भाडेकरू येतो, पस्तिशीचा, कुठल्यातरी कंपनीत. तो संध्याकाळी सव्वासहाला गच्चीवर कपडे काढायला येतो. आणि बाईंना यंदा अचानक वाळवणाचं भारी वेड लागतं.

इथे मुद्द्याचं. स्क्रिप्ट लिहायच्या आधी टाइमटेबल लिहा. खरंच वहीत दोन रकाने करा, एकात त्या माणसाचा आधीचा दिवस, दुसऱ्यात नंतरचा, उठणं चहा आंघोळ बाजार झोप सगळं. इच्छा लिहायची नाहीच, तिच्यापायी कुठली वेळ सरकली ते लिहायचं. आमच्या बाई आधी रविवारी सकाळी एकदा वाळवण घालून मोकळ्या व्हायच्या. नंतरच्या रकान्यात, ज्वारी भिजवायचा दिवस असा धरलाय की बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, बरोबर भाडेकरू घरी असेल त्या दिवशी वाळायला पडतील, उन्हं कलली की लगेच गोळा करायचे ते सव्वासहापर्यंत तसेच, कुरडयांसाठी गहू घरी दोघंच असताना पाच किलो. प्रेम, ओढ, स्पर्श असला एक शब्द त्या वहीत नाही, पण बिबड्यांचा आकडा बघा, पहिल्या आठवड्यात ४०, तिसऱ्यात ११०, पाचव्यात बाई मोजतच नाहीत. नवरा म्हणतो एवढे कोण खाणार, बाई म्हणतात पोरीला पाठवू.

पहिला ड्राफ्ट मी याच्या बरोबर उलटा लिहिला होता. त्यात बाई मैत्रिणीला सगळं सांगतात, पाच पानं, मी किती एकटी आहे वगैरे. आमच्या मागच्या घरातल्या आजींना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, अशी बोलली असती तर तिले वेड कायले लागलं असतं. पाचही पानं फाडली.

डायलॉग कमी आणि घरातल्या बोलीत. भुसावळ-रावेरकडे लेवा बोली, धुळ्याकडे अहिराणी, दोन्हीची खिचडी करू नका, इथले लोक दुसऱ्या वाक्याला पकडतात. आमच्या नवऱ्याला अख्ख्या फिल्ममध्ये आठ-नऊ वाक्यं आहेत, त्यातलं “मले उशीर व्हईन, झाकून ठेव” हे तीनदा. तिसऱ्यांदा बाई झाकून ठेवत नाहीत. त्यावर कॅमेरा रेंगाळू देऊ नका, दिसेल त्याला दिसेल. आणि नवऱ्याला व्हिलन करू नका, दारू मारहाण घातली की प्रेक्षकाला सोपं जातं, मग बाईचं वेड हे नवऱ्याचं बिल होऊन बसतं. आमचा नवरा बरा माणूस आहे, फक्त दमलेला.

आता समोरचा माणूस, इथे बहुतेक फिल्मा घसरतात. ज्याच्यावर जीव जडलाय त्याचीपण एक बाजू असते. त्याने काही मागितलेलं नसतं, आणि रोज कोणीतरी आपल्या वेळेवर गच्चीवर उभं असतं हे कळलं की माणूस बिचकतो. आमचा भाडेकरू आधी हसून बोलतो, मग नुसती मान हलवतो, मग कपडे खोलीतच वाळत घालायला लागतो. ती रिकामी दोरी आमच्या फिल्मचा सगळ्यात वाईट क्षण आहे, म्हणजे चांगल्या अर्थाने वाईट. तुमच्या गोष्टीत जर बाप्या असेल आणि तो बाईच्या मागे लागत असेल तर जास्तच सांभाळा, आपल्या सिनेमांनी इतकी वर्षं मागे लागण्यालाच प्रेम म्हणून गाणी दिलीयत की हात आपोआप तिकडे वळतो. नाही म्हटल्यावरही बाईच्या मागे फिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तुमच्या पात्राला ते माहीत नसेल, तुम्हाला पाहिजे. त्याची कीव येऊ द्या, पण त्या बाईची भीती कापू नका.

नटी. तिशीच्या पोरीला केसांना पांढरा रंग लावून पन्नाशीची करू नका, मान आणि हात लगेच चुगली करतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर दरवर्षी काम करणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या बाया आहेत, त्यांना कायम आई नाहीतर सासूच मिळते, असा रोल दिला तर डोळे चमकतात. त्यांना पूर्ण स्क्रिप्ट आधी द्या, शेवटच्या पानासकट, आणि आधी त्यांना द्या, त्यांच्या मिस्टरांना नाही. कोणत्या सीनमध्ये काय दिसणार, काय नाही, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या. आमच्या बाईंनी एक ओळ स्वतः टाकली, की ट्रेलरमध्ये बाथरूमचा सीन वापरायचा नाही. नाही वापरला.

तो बाथरूमचा सीन सांगतो, कारण अंगाचं असं त्या फिल्ममध्ये तेवढंच आहे. मे महिन्यातली वावटळ येते, भाडेकरूचा शर्ट दोरीवरून उडून धुळीत पडतो. बाई तो उचलतात आणि रात्री घरात कडी असलेलं एकच दार आहे त्याच्या आत जाऊन हाताने धुतात, मशीन असताना. सव्वातीन मिनिटं, फक्त हात, साबण आणि बाहेर नवऱ्याचं टीव्ही. सकाळी शर्ट दोरीवर, कोणालाच पत्ता नाही. आम्हाला आधी शर्ट तोंडाशी धरून वास घेण्याचा शॉट घ्यायचा होता, बाईच म्हणाल्या ते सगळ्याच पिक्चरमध्ये असतं, मी धुते ना. पहिल्या टेकला दाराबाहेर क्रूमधला एक पोरगा फिस्सकन हसला. तिथेच शूट थांबवलं, बाईंना चहा दिला, आणि मग आत बाई, कॅमेरा, साउंड आणि मी, बाकी सगळे खाली रस्त्यावर. असल्या सीनला चारच्या वर माणसं नको, आणि हालचाल नाचाच्या स्टेपसारखी आधी ठरवून, तिथे उत्स्फूर्त वगैरे काही नसतं.

टेक्निकल भराभर सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर पट्टे लुकलुकतात. दुपारी गच्चीवर मोबाइल तापून बंद पडतो, आमचा पहिल्याच दिवशी दोनदा पडला, म्हणून पहाटे साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी, आणि तापलेला मोबाइल फ्रिजमध्ये टाकू नका, आत दमट होतो. कूलर टेकच्या वेळी बंदच, घाम येईल, येऊ द्या, मेकअपचा खर्च वाचतो. स्टेशनवर शूट करायला रेल्वेची परवानगी लागते, ती भानगड टाळायची तर गाडी फक्त ऐकवा, भुसावळात तिची काय कमी. आवाजावर मात्र कंजुषी नको. वरच्या स्लॅबवरची चप्पल, बादली टेकवल्याचा आवाज, हे वेगळं रेकॉर्ड केलं, कारण बाईंचं अर्धं वेड कानात आहे, खाली भाकरी थापताना हात थांबतो तो वरच्या पावलांमुळे, आणि ते पाऊल नीट ऐकूच आलं नाही तर प्रेक्षकाला वाटेल बाई दमल्या.

दाखवायचं कुठं? तिकीट लावून किंवा पब्लिकसाठी थिएटरात दाखवायची तर सेन्सॉर सर्टिफिकेट पाहिजे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ मध्ये, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या वर्गात, ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे आलेत, ते नवीन मुलांनी बघून ठेवा. हॉलसाठी आम्ही एका संस्थेकडे गेलो, त्यांनी विषय विचारला, मी म्हटलं वाळवण, ते खूश. मग त्यांनी फिल्म बघितली. मग शेवटी आमच्याच गच्चीवर, पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, ओळखीची चाळीसेक माणसं. बाया एका बाजूला बसल्या, बाप्ये पाण्याच्या टाकीकडे. बाथरूमच्या सीनला टाकीकडून खोकण्याचे आवाज आले, बायांकडून काहीच नाही.

राहिला शेवट. बाईला मारू नका, वेडी करू नका, पंढरपूरला पाठवू नका, आणि भाडेकरूने येऊन समजूतदार भाषण तर अजिबात नको. आमचा भाडेकरू खोली सोडून जातो, कारण सांगत नाही. पावसाळा. नवरा ड्युटीवरून येतो, बाई बिबडे तळतात, मागे फळीवर सात डबे गच्च भरलेले दिसतात. नवरा एक खातो, म्हणतो, “यंदा चांगले झाले.” बाई म्हणतात, “ऊन चांगलं होतं.” कट. हा शॉट दोन टेकमध्येच घ्यावा लागला, कारण तिसऱ्याला बघतो तर तळलेले बिबडे क्रूने संपवले होते.