कोल्हापुरात घर घेताना पहिली चौकशी पाण्याची

घर पाहायला गेलेल्या माणसाचे लक्ष फरशी, स्वयंपाकघरातला ओटा आणि गाडी लावायची जागा यांच्याकडे जाते. कोल्हापुरात मात्र 2019 आणि 2021 च्या महापुरात इथे पाणी कुठवर आले होते, हे आधी विचारावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. त्या दोन्ही वर्षी नदी धोका पातळीच्या कितीतरी वर गेली आणि दुधाळी, शाहूपुरीतील कुंभार गल्ली, नागाळा पार्क अशा भागांत पाणी शिरले. विकणारा ‘आमच्याकडे पाणी येत नाही’ असेच सांगणार, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारावे आणि जुन्या भिंतींवर ओलीची रेघ दिसते का ते पाहावे. शिवाय पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषांच्या नकाशावर जागा कुठे येते, हे तपासावे: नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा बांधकामाला निषिद्ध, तर निळ्या आणि लाल रेषेमधला नियंत्रित मानला जातो. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये, कारण विजेचे मीटर, लिफ्टची यंत्रणा आणि पाण्याची भूमिगत टाकी बहुधा तळालाच असते.

पाण्यानंतर कागद. शहरात नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), तर उपनगरांत सातबारा आणि त्यावरचे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढाव्यात. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) किंवा देवस्थान इनामाचा, म्हणजे देवळासाठी दिलेल्या जमिनीचा, उल्लेख दिसला, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा प्रश्न सुटेपर्यंत एक रुपयाही देऊ नये. देवस्थानांच्या जमिनी या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत वेगळीच अडचण असते. कागदावर एका भावाचे नाव असते आणि हक्क मात्र सासरी गेलेल्या बहिणींसह सगळ्या वारसांचा असतो, म्हणून नोंदणीकृत हक्कसोडपत्रे मागावीत किंवा सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मागच्या 30 वर्षांच्या मालकीच्या नोंदींचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून करून घ्यावा, बिल्डरने सुचवलेल्या वकिलाकडून नव्हे.

नव्या इमारतीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासावा आणि दर चटई क्षेत्रावर (कार्पेट एरिया) ठरवावा. करारनामा नोंदवण्यापूर्वी 10 टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा हक्क बिल्डरला नाही.

पैशांच्या हिशेबात लोक चुकतात ते हाताशी लागणाऱ्या रकमेत. गृहकर्ज 30 लाखांपर्यंत असेल तर बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत आणि 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि वकिलाची फी बहुतेक वेळा वेगळी उभी करावी लागते. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर यांत जे अधिक त्यावर आकारले जाते. घर पत्नीच्या किंवा आईच्या एकटीच्या नावे घेतल्यास शुल्काच्या दरात 1 टक्का सवलत मिळते, आणि कोल्हापुरातली बहुतेक कुटुंबे या गोष्टीचा विचार दस्त तयार झाल्यावर, म्हणजे उशिरा करतात.

विसार, म्हणजे व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम, देताना पावती लेखी घ्यावी आणि वकिलाला किंवा बँकेला कागदात दोष आढळल्यास ठरावीक मुदतीत रक्कम परत मिळेल, ही अट तिच्यावरच लिहून घ्यावी. विकणारा ती लिहायला तयार नसेल, तर विसार तिथेच थांबवावा.