कोकमाचं डीपीपीएच करताय? आधी रंगाचा ब्लँक लावा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बरेच बीएस्सी-एमएस्सीवाले प्रोजेक्टला कोकम घेतात, साहजिकच आहे, मे महिन्यात परसात रातांब्यांचा सडा पडलेला असतो. पण यात एक गोची आहे. डीपीपीएच म्हणजे अर्काची अँटिऑक्सिडंट ताकद मोजायचं जांभळं रसायन, अर्क जेवढा दमदार तेवढं ते पिवळं पडतं; त्याचं रीडिंग आपण 517 नॅनोमीटरला घेतो आणि कोकमाचा लाल रंग, म्हणजे अँथोसायनिन, तोही नेमका तिथेच जवळपास प्रकाश शोषतो, त्यामुळे जांभळा डीपीपीएच पिवळा झाला तरी मशीन म्हणतं अजून रंग आहे, आणि तुमचा अर्क उगाच कमजोर दिसतो. माझे अख्खे दोन दिवस यात गेले, वर मेथॅनॉल फुकट. म्हणून प्रत्येक डायल्यूशनला एक जादा ट्यूब ठेवा, अर्क तेवढाच पण डीपीपीएचऐवजी नुसतं मेथॅनॉल, आणि ते रीडिंग वजा करा, हाच रंगाचा ब्लँक.

डीपीपीएच रोज ताजा बनवा, बाटलीला फॉइल गुंडाळा, आणि 30 मिनिटं अंधारात म्हणजे खरंच अंधारात, खिडकीशेजारच्या रॅकवर नाही.

अर्कातलं एकूण फेनॉल मोजायला फोलिन (फेनॉलशी निळा रंग देणारं रसायन) वापरत असाल तर 765 नॅनोमीटरला हा लाल रंग फारसा नडत नाही, पण क जीवनसत्त्वही तिथे निळा रंग देतं, तेव्हा आकडा मोठा आला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका.

आणि हो, बाजारातलं आमसूल नको बाबा. त्यात मीठ असतं, दर ग्रॅमचा हिशोबच बोंबलतो. ताजी सालं घ्या, सावलीत सुकवा, पावसाच्या आत.