पिसे विरघळल्यानंतरचा टप्पा

केराटिनपासून, म्हणजे पिसे आणि लोकर यांतल्या चिवट प्रथिनापासून, द्रवखत करण्याचा प्रकल्प घेऊ पाहणारे विद्यार्थी बहुधा एकच गोष्ट विचारतात: पिसे विरघळवायची कशी? ती कृती कोणत्याही प्रबंधात मिळते. कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात सिस्टीनचे गंधकबंध तुटतात आणि पोटातल्या पेप्सिनलाही दाद न देणारी पिसे काही तासांत तपकिरी द्रवात उतरतात. मला सर्वांत जास्त काळ अडवले ते त्यापुढच्या टप्प्याने, म्हणजे द्रवात उरणाऱ्या मिठाने, म्हणून हा लेख मुख्यतः त्याविषयी आहे.

खानदेशात कच्चा माल शोधत फिरावे लागत नाही. नवापूरला कुक्कुटपालन मोठे आहे, साक्रीकडच्या मेंढपाळांच्या जाड लोकरीला फारसा भाव नाही आणि चिकन सेंटरमागे पिसांची पोती पडलेलीच असतात. पिसांचा सुमारे 90 टक्के भाग केराटिन असतो आणि त्यात नत्र 15 टक्क्यांच्या आसपास भरते. मात्र 2006 मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक याच नवापुरात झाला आणि 2021 मध्ये तो तिथे पुन्हा आला, याचे भान ठेवा. कच्ची पिसे मास्क आणि हातमोज्यांशिवाय हाताळू नका. 121 अंश सेल्सिअसला किमान 15 मिनिटे ऑटोक्लेव्ह केल्यानंतरच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्यानंतरच) ती कामाच्या टेबलावर घ्या. गठ्ठा मोठा असेल तर वेळ वाढवा, कारण पिसांच्या आतपर्यंत वाफ सहज पोहोचत नाही.

आता मूळ मुद्दा. समजा, 50 ग्रॅम पिसे विरघळवण्यासाठी तुम्ही एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम कॉस्टिक सोडा घातला. द्रव तयार झाला की त्याचा सामू (pH) 13 च्या पुढे असतो, म्हणून तो हायड्रोक्लोरिक आम्लाने खाली आणला जातो. या 20 ग्रॅम सोड्यातले साडेअकरा ग्रॅम सोडियम कुठेही जात नाही. सगळा सोडा मिठात बदलला तर 29 ग्रॅम मीठ होते आणि त्याच भांड्यात प्रथिन जास्तीत जास्त 45 ग्रॅम असते. केल्डाल या नत्र मोजण्याच्या चाचणीत आकडा उत्तम येतो, अहवाल देखणा दिसतो आणि तेच द्रव केळीच्या रोपांना दिले की पानांच्या कडा करपू लागतात. नत्राची चाचणी मिठाविषयी काहीच सांगत नाही. ते विद्युत वाहकता मोजल्यावरच कळते. म्हणून पहिल्याच दिवसापासून सामूच्या शेजारी वाहकतेचा रकाना ठेवा. सामू 4 च्या जवळ आणून केराटिनचा साका खाली बसवता येतो, पण मग खारट पाण्याचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. डायलिसिसच्या पिशवीने (मीठ बाहेर सोडून प्रथिन आत ठेवणाऱ्या पातळ पडद्याने) प्रयोगशाळेत मीठ निघते. शेतकऱ्याला परवडेल अशा किमतीत निघत नाही.

याच टप्प्यावर एक खरा धोका आहे. अल्कलीत सिस्टीन मोडताना सल्फाइड तयार होते आणि आम्ल घालताच त्याचा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू होऊन बाहेर पडतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो. वायूचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे कधीही समजू नका. आम्ल थेंबाथेंबाने, फ्यूम हूडखालीच (वायू बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटातच) घाला. फ्यूम हूड नसेल तर हा प्रयोग करू नका.

वाट मात्र आहे, निराश होऊ नका. सोड्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिकऐवजी सल्फ्युरिक किंवा फॉस्फोरिक आम्ल वापरले, तर उरणारे क्षार हेच खत ठरते. रावेर-यावलच्या केळीला पालाश (पोटॅशियम) भरपूर लागते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड महाग पडते आणि वाहकता याही द्रवाची जास्तच असते, त्यामुळे ते पातळ करूनच द्यावे लागते. तरीही नव्याने सुरुवात करणाऱ्याने हाच मार्ग धरावा, असे माझे ठाम मत आहे.

जिवाणूंचा मार्ग अधिक स्वच्छ, पण संथ आहे. बॅसिलस लायकेनिफॉर्मिससारखे जिवाणू पिसे खातात. स्किम मिल्क अगारवर (दुधाची भुकटी घातलेल्या, जिवाणू वाढवण्याच्या थरावर) पारदर्शक वलय दिसले की केराटिनेझ, म्हणजे केराटिन तोडणारे विकर, सापडले असे लिहून टाकण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. त्या वलयाने फक्त प्रोटिएझ, म्हणजे कोणतेतरी प्रथिन तोडणारे विकर, सिद्ध होते. पिसे हाच कर्ब-नत्राचा एकमेव स्रोत देऊन जिवाणू वाढतो का, ते पाहायलाच हवे. मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांची संख्या पाहू नका. ते स्वतः प्रयोगशाळेत येऊन तुमच्या नोंदवहीवर प्रश्न विचारतात का, ते पाहा. शक्य असेल तर मृदाशास्त्राचा एक सहमार्गदर्शक अवश्य घ्या.

कुंडीतल्या चाचणीत नुसत्या पाण्याशी तुलना पुरेशी नाही. एका गटाला तेवढेच नत्र युरियातून आणि तेवढेच पालाश पोटॅशियम सल्फेटमधून द्या. या गटापेक्षा तुमची रोपे सरस निघाली, तरच त्याचे श्रेय केराटिनच्या पेप्टाइडांना (प्रथिनाच्या लहान तुकड्यांना) देता येते.